न्हाणीपासून एकोणीस पावलं

ज्या ड्रेनेजच्या लाईनसाठी अण्णांनी पंधरा वर्षं अर्ज लिहिले, ती लाईन अण्णा गेल्यावर चौथ्या महिन्यात घराला जोडली गेली. सिंहस्थ आटोपला, रस्ते उकरून झाले, आणि फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दसकच्या त्या गल्लीतल्या अकरा घरांचे पाइप एकदाचे मोठ्या नळाला जाऊन मिळाले. त्या दिवशी अण्णांच्या पत्नी वत्सलाबाईंनी संडासात बादलीभर पाणी ओतलं, बाहेर येऊन चेंबरच्या झाकणाला कान लावला आणि सुनेला म्हणाल्या, "गेलं बाई. कुठं गेलं ते मात्र आता आपल्याला कळायचं नाही."

आजवर कळत होतं. बत्तीस वर्षं ते अंगणाखालच्या टाकीत जात होतं. टाकी अण्णांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, नाथाकाकांनी, आपल्या हातांनी खोदली आणि बांधली होती. अण्णा तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर नुकते लागले होते. सुट्टीचा दिवस आला की दोघे भाऊ खड्ड्यात. पुढे दोघांची दोन घरं झाली, अंगणातून कमरेएवढी भिंत गेली, पण टाकी मधोमध होती, ती कशी वाटायची? दोन्ही घरांचे पाइप तिच्यातच जात राहिले. गेली दहा वर्षं भावाभावांत शब्द नव्हता, तरीही. "बोलणं बंद, पाइप चालू," असं वत्सलाबाई म्हणायच्या. ऐकणारा हसायचा, त्या हसायच्या नाहीत.

आता ती टाकी बुजवायची होती. नुसती सोडून दिली तर पावसाचं पाणी धरते, वरचा स्लॅब आतून कुजतो, आणि एक दिवस कुणीतरी आत जातं. अण्णांच्या दीपकचा मुलगा चार वर्षांचा होता आणि दिवसभर अंगणात धावत होता. म्हणून दीपकनं रविवार ठरवला. मैला ओढणारी गाडी अकराला येणार, टाकी रिकामी करणार. मग तळ फोडायचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल. मग मुरूम भरायचा, वर फरशी.

रविवारी सकाळी आठ वाजता लखन मिस्त्री आला तेव्हा ललिता ओट्यावर मेथी निवडत बसली होती. दीपकची ही मोठी बहीण वणीच्या हायस्कुलात ग्रंथालय सांभाळायची. अण्णा गेल्यापासून ती दर शनिवारी एसटीनं यायची. येऊन करायची काय, तर आईजवळ बसायची, भाजी निवडायची, आणि अण्णांच्या खुर्चीत कुणी बसलं तर दुसरीकडे बघायची.

लखनबरोबर एकच मजूर होता, मंगळू. पेठच्या डोंगरातला, भाताची कापणी उरकून बांधकामावर आलेला. त्यानं घमेलं आणि पहार खाली ठेवली आणि रामफळाच्या सावलीत उकिडवा बसला.

"झाकण कुठंय?" लखननं विचारलं.

"तेच तर," दीपक म्हणाला.

अंगणभर शहाबादी फरशी होती. दहा वर्षांपूर्वी अण्णांनी ती स्वतः बसवून घेतली, आणि टाकीचं झाकण तिच्याखाली गाडून टाकलं. गाडी बोलवायची वेळ आली की अण्णाच फरशी उचलायचे, काम झालं की अण्णाच बसवायचे. सांधा कुठला ते कुणाला दिसू द्यायचे नाहीत. तसं त्यांनी लिहून मात्र ठेवलं होतं. मीटरच्या पेटीच्या दारावर, आतल्या बाजूनं, ऑइलपेंटनं: *टाकी. न्हाणीच्या कोपऱ्यापासून पूर्वेस १९, उत्तरेस ७.*

दीपकनं टेप लावला. एकोणीस फूट पूर्वेला, सात फूट उत्तरेला. आकडा बरोबर रामफळाच्या बुंध्याशी आला. मंगळूनं तिथली फरशी काढली, दोन हात खणलं. काळी माती निघाली आणि मुळ्या.

"अण्णांचं सगळं असंच मोघम," दीपक घाम पुसत म्हणाला.

"अण्णांचं काहीच मोघम नव्हतं," ललिता ओट्यावरून म्हणाली.

"मग निघालं का झाकण?"

"ते फूट आहेत असं तुला कुणी सांगितलं? फूट लिहिलंय का तिथं?"

दीपक थांबला. ललितानं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "अण्णा घरात टेप कधी लावायचे? आठव जरा. झोपाळ्याचे खांब, कपड्यांची तार, तुझ्या पलंगाची जागा, सगळं पावलांनी. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत. टेप कंपनीचा, पाय आपला, म्हणायचे."

दीपकला आठवलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "बरं. मग त्यांच्या पायाचं माप घेऊ. नंबर काय होता? आठ?"

"नऊ असेल."

"शेवटच्या वर्षी सुजेमुळे दहा आणला होता," वत्सलाबाई दारातून म्हणाल्या.

"मग चपलाच आणा. जुन्या," लखन म्हणाला.

अण्णांच्या चपला, छत्री आणि काठी तेराव्याला गुरुजींना दान दिली होती. त्याआधीचे कंपनीचे बूट तर दर दोन वर्षांनी घराबाहेर जायचे.

"म्हणजे माप नदीवर गेलं," दीपक म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्यालाच ते सोसलं नाही. तो वळून मीटरची पेटी बंद करू लागला.

लखन कामाचा माणूस. "शेठ, गाडी अकराला येणार. मी असं करतो, या झाडापासून सुरू करतो, घणानं स्लॅबच फोडत जातो. कुठंतरी लागेलच. झाड जाईल, एवढंच."

"जाऊ दे झाड."

"आणि फोडताना स्लॅब खाली बसला तर?" ललिता म्हणाली. "वर घण मारणारा कोण असेल? मंगळूच ना?"

"ताई, तू शनिवारी यायचं आणि रविवारी हुकूम सोडायचे. सोमवारी मला इथं राहायचंय. गाडीला आज नाही म्हटलं तर पुढचा महिना."

"नाही म्हणू नकोस. अजून एक माणूस आहे, ज्याचे पाय अण्णांसारखे आहेत. अण्णांचे बूट तोच घालायचा, वेल्डिंगच्या कामावर. कधी म्हणाला नाही, की मोठा झाला, लहान झाला."

वत्सलाबाईंना नाव सांगावं लागलं नाही. "त्याच्या दारात जायचं नाही, ललिता."

"आई—"

"हे दीड महिना दवाखान्यात होते. भिंतीपलीकडचा माणूस. आला? खांद्याला आला, ते चार लोक बघतात म्हणून."

हे खरं होतं, आणि त्याच्या मागचंही सगळ्यांना ठाऊक होतं. त्र्याण्णवच्या मे महिन्यात नाथाकाकांच्या तृप्तीचं लग्न दारात होतं. मांडव दोन्ही अंगणांवर मिळून. वऱ्हाड आदल्या दिवशी उतरलं आणि लग्नाच्या सकाळी टाकी तुंबली. काकांच्या संडासातून पाणी वर यायला लागलं. गाडी दोन दिवसांनी मिळणार होती. काकांनी मालधक्क्याकडून एक माणूस आणला. कपडे काढून, दोर घेऊन तो झाकणाशी आला, आणि अण्णा झाकणावर जाऊन उभे राहिले. सोवळ्यात, अंगावर नुसतं उपरणं. "माझ्या टाकीत माणूस उतरणार नाही." काका म्हणाले, टाकी तुझ्या एकट्याची आहे का? अण्णा तेच वाक्य पुन्हा म्हणाले. व्याही बघत होते. वऱ्हाडातल्या बायका शेवटी गल्लीतल्या घरांमध्ये पाठवाव्या लागल्या, पुरुषांना शाळेत. तृप्तीला सासरी पुढे कित्येक वर्षं त्यावरून टोमणे बसले. नाथाकाका त्या दिवसापासून भावाशी बोलले नाहीत, आणि अण्णांनी पावसाळ्याआधी झाकणावर फरशी घातली.

ललिता तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिला अण्णांचं म्हणणं पटलं होतं, तऱ्हा पटली नव्हती. अण्णा चहाच्या वेळी पेपर वाचताना टाकीत गुदमरून कुणी गेल्याची बातमी आली की ती मोठ्यानं वाचायचे. नाव, वय, गाव. मग पान उलटायचे. एवढंच. त्यावर भाष्य नाही.

"मी त्यांना बोलवायला जात नाहीये, आई," ती म्हणाली. "पाय मागायला जातेय." आणि चप्पल पायात सरकवून फाटकाबाहेर पडली.

*

भिंत कमरेएवढीच होती, पण तिच्यावरून कुणी जात नसे. ललिता रस्त्यानं वळसा घालून गेली. नाथाकाका पडवीत बसून चिमट्यानं चष्म्याची काडी सरळ करत होते. कमळाकाकू तांदूळ पाखडत होत्या, सूप थांबलं.

"ये," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघितलं, की आपण बोललो ते चाललं का.

"बस," काका म्हणाले.

"बसत नाही काका. तुमचे पाय हवेत."

तिनं सांगितलं. मीटरची पेटी, एकोणीस आणि सात, तेराव्याला गेलेल्या चपला. काकांनी ऐकताना काडी दोनदा वाकवली आणि दोनदा सरळ केली.

"लोक पाया पडायला पाय मागतात," ते म्हणाले. "तू मोजायला मागतेस."

"पडेन की. आधी मोजून होऊ द्या."

काकू सुपाआड हसल्या. काकांनी डोळे वर न करता विचारलं, "वहिनींनी पाठवलं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. त्या नको म्हणाल्या."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले आणि उठले. वहिनींचं नको म्हणणंच बरोबर, असं ते का म्हणाले, हे ललिताला दुपारपर्यंत समजलं नाही.

*

ते आले तसे वत्सलाबाई आत निघून गेल्या. दीपकनं "या काका" म्हटलं आणि टेप गुंडाळत राहिला. नाथाकाकांनी न्हाणीच्या कोपऱ्याशी चपला काढल्या, नीट जोडीनं भिंतीला लावल्या. कोपऱ्याला टाच टेकवली. मग उजव्या पायाची टाच डाव्याच्या अंगठ्याला, डाव्याची उजव्याच्या, असे ते निघाले, हात जरा बाजूला सोडून, ओठांत आकडे म्हणत.

ललिता ओट्याच्या पायरीवर उभी होती. तिला वाटलं होतं आपण फक्त फरशीकडे बघू. पण ती चाल तिची ओळखीची होती. पाठीचा बाकही तोच, मान खाली घालायची रीतही तीच. तिनं पायरीशेजारचा खांब धरला.

एकोणीसला ते वळले. सात मोजले आणि थांबले. रामफळापासून चांगलं अडीच-तीन फूट अलीकडे.

"इथं."

लखननं पहारीचं टोक आपटलं. आवाज बदललाच. फरशी उचलली, खालची वाळू काढली, आणि काँक्रीटचं झाकण दिसलं. त्यात लोखंडाच्या दोन कड्या, गंज चढलेल्या पण धडधाकट.

"कड्या माझ्या आहेत," काका म्हणाले. "एकाहत्तरचं वेल्डिंग." आणि निघून जाण्याऐवजी ते कपडे धुण्याच्या दगडावर बसले. "गाडी लागेपर्यंत बघतो."

हर्षालीनं, दीपकच्या बायकोनं, चहा आणला. तो त्यांनी घेतला. चहा घेऊन आपल्याला कुणी पाठवलं ते हर्षालीनं सांगितलं नाही, पण चहात साखर दीड चमचा होती आणि ती घालणारी या घरात एकच बाई होती.

गाडी सव्वाअकराला आली. जाड पाइप आत सोडला, पंप घरघरायला लागला, गल्लीतली दारं लागली, खिडक्या लागल्या. दीपकचा मुलगा नाक धरून आजीच्या खोलीतून ओरडत होता, "अजून! अजून!" अर्ध्या तासात गाडी भरली आणि गेली. टाकीत तळाला वीतभर गाळ राहिला, तो दुपारच्या उन्हात वरून काळा चकचकीत दिसत होता.

*

मग लखननं कागदाचा बोळा पेटवला, तारेला बांधून आत सोडला. तो तळाशी पोचेपर्यंत जळत राहिला.

"बघा शेठ. आत हवा आहे. मंगळू पाच मिनिटांत उतरेल, चार भोकं पाडेल, वर येईल."

मंगळूनं सदरा काढलाच होता. "आमी विहिरीत उतरतो दादा. ह्ये काय लय खोल नाय. अन् आता तं रिकामीच हाय."

"नाही," ललिता म्हणाली. ती पायरी उतरून झाकणापाशी आली होती. "कुणी उतरणार नाही."

"ताई, प्लीज. आता पुन्हा नको."

"दिव्याला पुरते ती हवा माणसाला पुरेलच असं नाही, दीपक. दिवा जळत राहतो आणि माणूस जातो, असे वायू असतात. हे अण्णांनी तुला सांगितलं नव्हतं?"

"अण्णांनी बरंच काही सांगितलं. सगळं जग बॉयलर आहे असं धरून चालायचे. परमिट, दोर, बाहेर उभा माणूस. दोर आहे आपल्याकडे. मी स्वतः धरतो."

"खाली पडलेल्या माणसाला तू या एवढ्या भोकातून एकटा ओढणार?"

"मग काय, टाकी अशीच उघडी ठेवू? पोरगं आहे घरात! तू काय, उद्या सहाच्या गाडीनं वणीला. अण्णा व्हायला जाऊ नको, ताई. तुला जमणार नाही ते."

ते लागलं. पण ललिता हलली नाही. तिला माहीत होतं आपण कुठे उभ्या आहोत. फरशी नसलेल्या त्या चौकोनाच्या कडेला, जिथे अण्णा उपरण्यानिशी उभे होते. अण्णांचा आवाज चढला नव्हता. तिचाही चढला नाही. फक्त त्यांच्यासारखी खात्री तिच्यात नव्हती. दीपक चिडून म्हणाला असता, हो बाजूला, तर पुढचं वाक्य तिच्यापाशी नव्हतं. मंगळू एकदा तिच्याकडे, एकदा मिस्त्रीकडे बघत होता. तो वर आला नाही तर पेठच्या कुठल्याशा पाड्यावर निरोप द्यायला कोण जाईल, तिथे त्याचं कोण आहे, हे या अंगणात कुणालाही ठाऊक नव्हतं.

"सदरा घाल रे," नाथाकाका दगडावरूनच म्हणाले.

मंगळूनं वळून पाहिलं.

"घाल. मी उतरलोय या टाकीत. सांगतो तुला."

दीपक म्हणाला, "काका, बांधताना उतरणं वेगळं."

"बांधतानाचंच सांगतोय. नवी कोरी टाकी होती. मैल्याचा एक थेंब पडला नव्हता. स्लॅब टाकून तीन आठवडे झालेले, खाली आधाराला सेंटरिंगच्या फळ्या होत्या, पावसाचं थोडं पाणी साचलेलं. दादा म्हणाला, झाकण उघडून दोन दिवस ठेवू, मग फळ्या काढू. मला घाई. लग्न ठरलेलं, फळ्या भाड्यानं आणलेल्या. दादा आंघोळीला गेला तेवढ्यात मी उतरलो. दुसऱ्या फळीला हात घातल्याचं आठवतं. पुढचं नाही आठवत."

लखननं हातातली तार खाली ठेवली.

"ओल्या लाकडानंच आतली हवा खाल्ली होती. असं नंतर दादा म्हणाला."

"मग वर कोणी काढलं?" लखननं विचारलं.

"मी होते तिथं," वत्सलाबाईंचा आवाज आला. त्या कधी दारात आल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. "हे ओल्या अंगानं धावत आले. आत उतरले नाहीत. मी म्हणतेय उतरा, उतरा, आणि हे म्हणतात, मी उतरलो तर दोघं जाऊ. दीपकच्या पाळण्याची दोरी सोडून आणायला लावली. पोटावर पालथे पडले, श्वास धरून कमरेपर्यंत आत लोंबले, आणि मला म्हणाले, पायांवर बस. मी बसले. तीनदा वर आले, तीनदा श्वास घेतला. चौथ्यांदा काखेत फास बसला." त्यांनी पदर सारखा केला. "मग मी कांदा फोडून नाकाशी धरला. दोन कांदे गेले तेव्हा भाऊजींनी डोळे उघडले."

कांद्याचा वास. ललिता पाच वर्षांची होती. भर दुपारी तिला कुणाच्या तरी घरी खेळायला पाठवलं होतं, आणि परत आली तेव्हा अंगणात कांद्याचा वास होता आणि स्वयंपाक झालेला नव्हता. एवढं तिला आठवत होतं. कशाचं आहे ते आज कळलं.

"हे कधी कुणी सांगितलं नाही," दीपक हळूच म्हणाला.

"कसं सांगणार? लग्नाला वीस दिवस होते. मुलगा बेशुद्ध पडला म्हटलं की लोक म्हणणार, फेफरं आहे. मुलीकडचे मोडून मोकळे झाले असते. तुझ्या अण्णांनी मला शपथ घातली."

"म्हणजे मला फसवूनच दिलं की!" भिंतीपलीकडून कमळाकाकूंचा आवाज आला. त्या किती वेळ तिथे सूप घेऊन उभ्या होत्या कोण जाणे. "बत्तीस वर्षांनी कळतंय मला!"

"आता काय, परत जातेस माहेरी?" काका म्हणाले.

"भाऊ ठेवून घेणार असेल तर आत्ता जाते!"

हर्षाली तोंडाला पदर लावून आत पळाली. मंगळूही हसला आणि हसता हसता त्यानं सदऱ्यात डोकं घातलं.

काका मात्र हसले नव्हते. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. त्यांवर फरशीखालची वाळू होती. "लग्नाच्या दिवशी दादा झाकणावर उभा राहिला ना, तेव्हा मला वाटलं, आता हा बोलणार. व्याह्यांसमोर. की तूच इथं मेला होतास, आणि आता दुसऱ्याचं पोर आत घालतोस. एक वाक्य होतं. बोलला असता तर मला तोंड राहिलं नसतं." त्यांनी पायावरची वाळू झटकली. "नाही बोलला. शिव्या खाल्ल्या, पण नाही बोलला. मला राग त्याचाच आला, वहिनी. दहा वर्षं त्याचाच होता. दवाखान्यात येऊन मी काय बोलणार होतो?"

वत्सलाबाई म्हणाल्या, "नुसतं बसायचं होतं. बोलत तेही नव्हते शेवटी."

*

तळ फोडण्याचं काम शेवटी वरूनच झालं. नाथाकाका म्हणाले, दादानं काय केलं असतं ते शोधायला नको, यात अक्कल कसली, पहारच छोटी आहे. त्यांनी लखनची पहार घेतली, तसेच अनवाणी घरी नेली, तिला आठ फुटी पाइप वेल्डिंगनं जोडला आणि तासाभरात ती आणून झाकणापाशी ठेवली. दोन माणसांनी धरायची, उचलायची, सोडायची. पहिले पंचवीस घाव तळ हाललाच नाही.

"काय बांधलंय राव," लखन म्हणाला.

"सिमेंट कमी घालायला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं," काका म्हणाले.

आळीपाळीनं सगळे लागले. लखन आणि मंगळू, मग मंगळू आणि दीपक, मग दीपक आणि काका. काका आणि दीपक एकदम हात उचलत होते, एकदम सोडत होते, आणि प्रत्येक वेळी काका ओठांत काहीतरी मोजत होते. बत्तिसाव्याला की तेहतिसाव्याला खालून वेगळा आवाज आला. दीपकनं वाकून पाहिलं. काळा गाळ एका जागी हळूहळू खाली खचत होता.

"ताई," तो म्हणाला, "बघ." मघाच्या बोलण्याबद्दल तो एवढंच बोलला, आणि तिला तेवढं पुरलं.

चार भोकं पडेपर्यंत चार वाजले. मग ट्रॅक्टरनं मुरूम टाकला, मंगळूनं फावड्यानं आत लोटला, वरून पाणी मारलं, पुन्हा लोटला. दीपकचा मुलगा वाटीवाटीनं माती आणून टाकत होता आणि प्रत्येक वाटीला विचारत होता, भरली का? संध्याकाळी फरशा बसल्या. झाकणाच्या कड्या मात्र काकांनी कापून घेतल्या होत्या. एक त्यांनी ठेवली, एक दीपकच्या हातात दिली. तिचं काय करायचं ते दीपकला कळेना, म्हणून त्यानं ती मीटरच्या पेटीत ठेवली.

जाण्याआधी मंगळूनं नळाखाली हातपाय धुतले. ललितानं त्याला चहा दिला आणि विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

त्यानं सांगितलं. नाव तिनं ऐकलं नव्हतं. पाड्याचं, मग जवळच्या थांब्याचं.

"घरी कोण असतं?"

"आई, बायको. दोन पोरी हायत." त्यानं बशी फरशीवर ठेवली. "तुमी कशाला इचारता, बाई?"

"असंच," ललिता म्हणाली. "माहीत असावं."

काकांनी त्यानंतर पाय धुतले, तिथेच, कढीपत्त्याच्या आळ्यात, घोट्यापर्यंतचा चिखल चोळून चोळून. ललिता पुढे झाली आणि वाकली. "मोजून झालं," ती म्हणाली. त्यांनी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला, थोडा जास्त वेळ, आणि मग ओल्या पायांनीच गेले. रस्त्यानं नाही. भिंतीला हात टेकून, एक पाय टाकून, दुसरा टाकून. कमळाकाकू पलीकडून म्हणाल्या, "हळू. वय काय आपलं."

दिवे लागले. हर्षालीनं अंगण झाडता झाडता विचारलं, "ताई, या चपला कुणाच्या?"

न्हाणीच्या कोपऱ्याशी, भिंतीला लावून, जोडीनं ठेवलेल्या होत्या. अंगठ्याशी झिजलेल्या, मुरमानं भरलेल्या.

"काकांच्या. राहिल्याच. थांब, मी भिंतीवरून देते," ललिता म्हणाली आणि उचलायला वाकली.

"असू दे," वत्सलाबाई म्हणाल्या.

त्या पायरी उतरून आल्या. चपला स्वतः उचलल्या, एकमेकींवर आपटून मुरूम झाडला आणि दारामागच्या फळीवर खालच्या कप्प्यात ठेवल्या. तेराव्यापासून त्या कप्प्यात कुणी काही ठेवलं नव्हतं.

"घ्यायला येतील ना उद्या," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दुधाखालचा गॅस बारीक केला.